नारळाच्या आधी

‘आशाबाई आली, लेकरं लपवा,’ असं त्या वस्तीवरची म्हातारी माणसं चेष्टेनं म्हणतात. पूर्वी प्रभावतीला त्याचं हसू यायचं. आता हसू येत नाही आणि रागही येत नाही. ती बाजेच्या कडेला टेकते, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढते, घोटभर पिते आणि विचारते, ‘बाळ कुठंय?’ बाटली ती घरूनच आणते. का, ते कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंना त्याची सवय झाली आहे.

कुंभार पिंपळगावच्या अलीकडं कापसाच्या रानात ही वस्ती. इथली आशा कार्यकर्ती म्हणून बायाबाळांच्या आरोग्याचं प्रभावती बघते. सुई ती टोचत नाही. सुई टोचणाऱ्या सिस्टरसमोर लेकरू आणून उभं करायचं, एवढंच तिचं काम. सांगायला सोपं आहे. पण सासू म्हणते ताप येईल, नवरा म्हणतो उद्या बघू, आणि उद्या दाराला कुलूप असतं. संध्याकाळी ती घरी आली की तिचा नवरा तातेराव चहाचा कप पुढं करत विचारतो, “आज किती शिव्या खाल्ल्या?” ती सांगते, “कमीच. निम्मे लोक वेचणीला गेल्ते.”

दिवाळी सरली की वस्ती उठते. ऊसतोडीला जायचं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे जोडीतलं एक राहिलं तर दुसऱ्याला काम नाही. मुकादम सांगेल त्या दिवशी ट्रक येतो आणि म्हातारी माणसं, कोंबड्या, गोधड्या, तान्ही पोरं असं सगळं घेऊन पाच-सहा महिन्यांसाठी निघून जातो. तिकडं उसाच्या फडात प्रभावतीचा हात पोचत नाही.

मागच्या हंगामात वस्तीवरच्या वसंताचा लेक प्रेम असाच गोवराच्या लसीवाचून तोडीला गेला होता. फडावर त्याला गोवर निघाला. देवीआई आली म्हणून खोपीला लिंबाचा पाला बांधला, दवाखाना केला नाही, आई आपणहून जाईल म्हणून वाट बघितली. आई गेली. जाताना पोराच्या एका डोळ्याची नजर घेऊन गेली.

म्हणून यंदा प्रभावतीचा सगळा जीव मीनाच्या तान्ह्या लेकीवर, प्रियावर होता. प्रियाला नुकताच नववा महिना पुरा झाला होता, म्हणजे गोवराची लस आत्ताच द्यायची. पण लसीचा दिवस होता तेव्हा मीना अंतरवाली सराटीला माहेरी. तोडीला जायच्या आधी लेकीनं आईच्या हातचं एक जेवण जेवून यायचं, ही इथली रीत. त्याला कोण नाही म्हणणार? मीना परतली त्याच संध्याकाळी मुकादमाचा निरोप आला की ट्रक उद्या सकाळी.

प्रभावतीनं वस्तीवरूनच ज्योत्स्ना सिस्टरला फोन लावला.

सिस्टरच्या माथी सहा गावं. तिचा आवाजही दिवस बुडताना बुडालेलाच असतो. “एका लेकरासाठी बाटली फोडू, ताई? एकदा पावडरीत पाणी घातलं की चार तासांत संपवायची. उरली ती फेकायची.”

“नियम काय म्हणतो, सिस्टर?”

“नियम म्हणतो फोडा. मीटिंग म्हणते का फोडली.”

प्रभावतीनं वाद घातला नाही. तिच्या डोक्यात एक गोष्ट आली होती आणि ती तिला फार आवडली होती. गावच्या शिवेवर मारुतीचं ठाणं आहे. तोडीला निघालेला प्रत्येक ट्रक तिथं थांबतो, मुकादम नारळ फोडतो आणि मगच गाडी पुढं सरकते. आसपासच्या वस्त्यांची लेकरं एकाच ट्रकात असतात. तिनं सिस्टरला तिथंच बोलावलं. म्हणाली, एखादं-दुसरं अजून निघेल, तुमची बाटली वाया जाणार न्हाई.

सकाळी सिस्टर आली. स्कूटीवर पायांच्या मधे लसीचा निळा डबा. ट्रकही आला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर माणसं. प्रभावतीनं चाकाजवळून लेकरांची चौकशी केली. एकाला लस मिळाली होती. दुसरं दोन वर्षांचं निघालं, त्याचे दोन्ही डोस झालेले. तिसऱ्याच्या आईनं नुसता पदर ओढून पोराचं तोंड झाकलं आणि नजर दुसरीकडं केली. राहिली एकटी प्रिया. सिस्टरनं प्रभावतीकडं बघितलं आणि डब्याचं झाकण तसंच धरून ठेवलं.

प्रियाची आजी, म्हणजे मीनाची सासू, गोजरबाई खाली उतरून ठाण्यापुढं बसली होती. प्रभावतीनं तिला सांगितलं, मावशी, नातीला सुई द्यायची, इथंच, एका मिनिटाचं काम.

“इथं?” गोजरबाई म्हणाली. “शिवंवर?”

“हां. लसीच्या दिवशी ती घरी न्हवती ना.”

“अगं, वाटंला रगत सांडू नये म्हणून तर नारळ द्यायचा. कोयत्याचं काम हाय आमचं. अन् तू नारळाच्या जागी माझ्या नातीचं रगत काढून राह्यली?”

बरोबर होतं म्हातारीचं. ट्रक इथं थांबतो हे प्रभावती वर्षानुवर्षं रस्त्याच्या पलीकडून बघत आली होती. कशासाठी थांबतो, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. हे तिचं ठाणं नव्हे, तिच्या बौद्ध घरात देवाला नारळ फुटत नाही. साऱ्या मुलखातून तिनं सुईसाठी जागा शोधली ती नेमकी हीच.

“मंग घरी जाऊ,” ती म्हणाली. “सिस्टर येतील मागं.”

“वझं उचललं की मागं फिरायचं न्हाई.”

मुकादम रामप्रसादनं हॉर्न वाजवायला लावला. त्याच्या हातात नारळ तयार होता. तो म्हणाला, “आशाबाई, परत आल्यावर टोचा की. पोरगी कुठं पळून चाललीय का?”

प्रभावतीला वाटलं, बरं, जा. खरंच तसं वाटलं. किती वेळा तेच ते बोलायचं? तिनं पिशवी खांद्यावर घेतलीसुद्धा. मग तिची नजर मुकादमाच्या हाताकडं गेली.

“मावशी,” ती म्हणाली, “नारळ फुटला का?”

“न्हाई अजून.”

“मंग वाट तरी कुठं सुरू झाली? नारळ फुटंस्तोर तुम्ही घरीच हाईत असं धरा. आधी सुई. रगताचा काय ठिपका निघंल तो निघंल. मंग नारळ. मागचं समदं त्यात फिटलं.”

गोजरबाईनं तिला वरखाली न्याहाळलं. “लई शाणी हाईस,” ती म्हणाली. त्यात होकार होता की टोमणा, ते कळलं नाही.

पण मुकादमाला पुढचं माहीत होतं. सुई दिली की लेकराला अर्धा तास बसवून ठेवतात. तेवढा वेळ नव्हता त्याच्याकडं, कारखान्यावरून सारखे फोन येत होते. “जल्दी करा, चढा वर,” तो म्हणाला.

तेव्हा ताडपत्रीवरून आधी एक गाठोडं खाली आलं. मग मीना उतरली, प्रिया काखेत.

“मी सुई झाल्याबिगर चढत न्हाई,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “वसंताभाऊच्या प्रेमचा डोळा मी रोज बघते.”

मुकादमानं तिच्याशी बोलायचं सोडून तिच्या नवऱ्याला हाक मारली, “संपत, बायकोला समजाव.”

संपत इतका वेळ चाकाला टेकून उभा होता. त्यानं मान खाजवली. “समजावून बघितलं रात्री,” तो म्हणाला. “तुमाला अर्धा कोयता चालत असंल तर चला, मी येतो एकटा.”

ट्रकातलं कुणीतरी हसलं. मुकादम हसला नाही. गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या हातातला नारळ काढून घेतला. “आता कवा फोडायचा ते मी सांगते,” ती म्हणाली आणि नारळ मांडीवर घेऊन परत बसली.

सिस्टरनं बाटली फोडली. प्रिया अशी रडली की ट्रकातल्या कोंबड्याही ओरडायला लागल्या. दंडावर लाल ठिपका आला, सिस्टरनं कापूस दाबला. गोजरबाईनं ठिपका पुसायला पदर पुढं केला. प्रभावतीनं तिचा हात हळूच धरला. म्हणाली, चोळू नका, मावशी.

अर्धा तास सगळे उन्हात बसले. प्रभावतीनं मीनाला तापाच्या औषधाचे थेंब दिले, कधी द्यायचे ते सांगितलं. तेच परत सांगितलं, मग गोजरबाईनं विचारलं म्हणून तिसऱ्यांदा. दुसरा डोस परत आल्यावर, हेही सांगितलं. मुकादम रस्त्याच्या कडेनं येरझारा घालत होता. प्रिया रडून दमली आणि झोपली.

मग म्हातारीनं नारळ परत दिला आणि तो फुटला. तिनं सगळ्यांना खोबरं वाटलं. प्रभावतीपाशी येऊन तिचा हात अडखळला.

“तुमच्यात चालतं का?”

“चालत न्हाई,” प्रभावती म्हणाली. “पण द्या.”

ट्रक गेला. फुफाटा बसायला वेळ लागला. सिस्टर डब्याकडं बघत म्हणाली, “चार डोस राहिलेत. मीटिंगला काय सांगू?”

“माझं नाव सांगा.”

“तुमचं नाव त्यांना पाठ आहे.”

प्रभावतीनं हातातला तुकडा बघितला. सकाळच्या चहावर होती ती. तिनं खोबरं तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिली.

“कधीपर्यंत चालंल ही बाटली?”

“दुपारपर्यंत.”

“ओढ्यापलीकडच्या वस्तीचा ट्रक दुपारी दुसऱ्या वाटंनं निघणार हाय. तिथली दोन लेकरं मागच्या वेळंला राहिली. मागं बसू का?”

सिस्टरनं उसासा टाकला आणि स्कूटी वळवली. प्रभावती मागं बसली, निळा डबा मांडीवर घेतला. थोडं पुढं गेल्यावर सिस्टरनं मान न वळवता विचारलं, “ताई, ते लोक नारळ कुठं फोडतात?”

“माहीत न्हाई,” प्रभावती म्हणाली. “आधी तेच विचारू.”