नंदाच्या नावाची चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, देवापुढेही नाही. देवापुढे उभा राहिलो की मी भलतंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच बजावतो, मला समजून घ्यायला जाऊ नका. गेली नऊ वर्षं लोक मला समजूनच घेतायत, आणि त्याचाच मला आता संताप येतो.

शहापुरात माझं नाव चांगलं आहे. मी मुरबाडला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. नंदा, माझी बायको, शहापूरच्या एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना गणित शिकवते. ती वैशाखऱ्याची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्नानंतर बी.एड. झाली. फॉर्म मी भरले, परीक्षेला मी सोडायला गेलो. ‘सरांनी बायकोला किती पुढे आणलं,’ असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात. मी मान खाली घालून हसतो. त्या हसण्यावर कुणीतरी एकदा कानफटात ठेवून द्यायला हवी होती.

परदेशी शाळेत शिकवायला जायचं वेड माझं. नंदाचं नव्हे. नऊ वर्षांपूर्वी मुंबईत विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचा भरतीमेळावा होता. बाहेरच्या देशांतल्या शाळांचे प्राचार्य स्वतः येतात. सकाळी हॉलमध्ये एकेका शाळेचं टेबल; रांगेत उभं राहून मुलाखतीची वेळ घ्यायची. मुलाखती वरच्या मजल्यांवर, त्यांच्या खोल्यांत. मग हॉलबाहेरच्या लांब टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाचं फोल्डर असतं. ज्या शाळेला तुम्ही हवे आहात ती त्यात चिठ्ठी टाकते. नवरा-बायको दोघं शिक्षक असले तर फोल्डर एकच. अशा जोडप्यांना मागणी असते, एका घरात दोन शिक्षक राहतात, शाळेला सोयीचं पडतं.

म्हणून मी नंदाला नेलं. तिला जायचं होतं म्हणून नव्हे. मी एकटा कमी पडेन म्हणून.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिएतनाममधल्या एका शाळेने आम्हाला बोलावलं. प्राचार्या बाई होत्या, साठीच्या आसपासच्या. आधी मी बोललो — किती बोललो! प्रयोगशाळा, निकाल, माझी पद्धत. बाई मान डोलावत होत्या, पण पेन खाली ठेवलेलं होतं. ते मला दिसलं होतं. मग त्यांनी नंदाला विचारलं, आकड्यांना घाबरणाऱ्या मुलाला तुम्ही कसं शिकवता?

नंदाने पर्समधून एक कापडी पुरचुंडी काढली आणि त्या चकचकीत टेबलावर मूठभर भात ओतला. सालासकटचा भात, तिच्या माहेरच्या शेतातला. वर्गात ती हेच करते, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. किती दाणे असतील, तिने बाईंना विचारलं. बाईंनी अंदाज सांगितला. नंदा म्हणाली, आता दहाचा एकच ढीग करा, त्याच्याकडे बघा, आणि मग पुन्हा सांगा. मोजू नका.

मी टेबलाखालून तिचा पाय बुटाने दाबला. तिने पाय बाजूला घेतला. दोघी त्या दाण्यांवर वाकल्या होत्या, बाई हसत होत्या, पेन आता हातात होतं. आणि मी? मी गालिच्यावर सांडलेले दाणे वेचत ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होतो. कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

दुपारी फोल्डर बघायची वेळ झाली. नंदा पायऱ्यांजवळच थांबली. ‘तुमीच बघा जाऊन,’ म्हणाली. ‘माझी छाती नाय होत.’

फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी होती. तिच्या नावाची. त्यात लिहिलं होतं — आम्हाला प्राथमिक वर्गांसाठी तुम्ही हव्या आहात, चार वाजता सहाशे बारा नंबरच्या खोलीत या. खाली आणखी एक ओळ होती. तुमच्या पतींसाठी सध्या जागा नाही, परंतु ते सोबत येऊ शकतात.

सोबत येऊ शकतात. लग्नातल्या करवलीसारखा.

मी चिठ्ठी खिशात घातली.

‘काय आलं?’ नंदाने विचारलं.

‘काही नाही.’

‘दोघांना पण नाय?’

‘दोघांनाही.’

मग तिला चहा घ्यायला बसवून मी बाथरूममध्ये गेलो, चिठ्ठीचे तुकडे केले आणि पाणी सोडलं. एक तुकडा पुन्हा पुन्हा वर येत होता. तीनदा पाणी सोडावं लागलं. म्हणजे विचार बदलायला मला तीनदा वेळ मिळाला होता. चार वाजले तेव्हा आम्ही हॉटेलच्या फाटकाबाहेर होतो.

पुरुषी अहंकार, म्हणाल. म्हणा. मोठा शब्द आहे, त्याच्याआड माणसाला छान लपता येतं. गावात लोक काय म्हणतील, ही भीती? तीही नव्हती, गावाला कोण सांगायला जाणार होतं? मी शिकवलेल्या, मी फॉर्म भरलेल्या बाईला कुणीतरी माझ्या शिफारशीशिवाय निवडलं, हे मला सहन झालं नाही. एवढंच आहे ते. एवढंसंच आहे, आणि याचीच मला जास्त चीड येते.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, तसंही म्हणत नाही. पण थांबलो नाही, हे खरं. आठवडाभराने त्या बाईंचा मेल आला. तुम्ही आला नाहीत, वाईट वाटलं, जागा अजून मोकळी आहे, विचार करून कळवा. फॉर्मवर ईमेलचा पत्ता माझाच होता. मी नंदाच्या नावाने उत्तर लिहिलं. कौटुंबिक कारणामुळे येऊ शकत नाही, आभारी आहे. खाली तिचं नाव टाइप केलं. उत्तरात बाईंनी लिहिलं होतं की तो भाताचा खेळ त्या आपल्या शाळेत सुरू करणार आहेत. तोही मेल मी पुसून टाकला.

आणि याहून वाईट जे, ते मेळाव्याच्याच दिवशी घरी परतताना झालं होतं. आसनगाव स्टेशनला उतरून रिक्षात बसलो. नंदाने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘माझं काय चुकलं ओ?’

काहीही सांगता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं. चूक माझी, तुला भरीला घातलं, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, ‘तुझं इंग्रजी. उच्चार गावठी येतात. आणि ते भाताचं करायला नको होतं.’

‘हां,’ ती म्हणाली. तेवढंच.

त्यानंतर ती पुरचुंडी मी तिच्या पर्समध्ये पाहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी ओट्यापाशी उभी राहून इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लागली. चार वर्षांपूर्वी शाळेने तिला मुख्याध्यापिका करायचं ठरवलं, तर ती नको म्हणून आली. पालकांच्या सभेत इंग्रजीत बोलावं लागतं ना. लोक म्हणाले, बाई किती साध्या. मी म्हणालो, तिची इच्छा.

हे सगळं मी पोटात ठेवून तसाच मेलो असतो. पण गेल्या रविवारी प्राची आली. प्राची नंदाची जुनी विद्यार्थिनी. तानशाजवळच्या गावातली, आता स्वतः शिक्षिका आहे. तसल्याच एका मेळाव्याला जायला तिची निवड झाली होती. पेढे घेऊन बाईंच्या पाया पडायला आली होती. नंदाने तिला जवळ बसवून घेतलं.

‘आधी इंग्रजी सुधार गो,’ ती म्हणाली. ‘त्यापायीच मला कोणी घेतला नाय. आणि तिथं आपलं गावचं काय दाखवू नको. हसतात. नाय पटत तर सरांना विचार, सर होते बरोबर.’

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. प्राचीचा चेहरा पडला होता. पेढा माझ्या तोंडात होता. एक वाक्य पुरलं असतं. त्या पोरीपुरतं तरी.

‘हो,’ मी म्हणालो. ‘बरोबर सांगतायत बाई.’

सोमवारी सकाळी नंदा नेहमीसारखी ओट्यापाशी पेपर वाचत होती. एका लांब शब्दाशी थांबली, सावकाश म्हणाली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘बरोबर हाय ना?’

बरोबर होता. अगदी स्वच्छ म्हणाली होती.

‘पुन्हा म्हण,’ मी म्हणालो.

तिने पुन्हा म्हटला.