तिचा विमा, माझी आई

आम्हा दोघी बहिणींना एकाच सुमाराला दिवस गेले. मी उज्जैनात, धाकटी मस्कतला. तिचा नवरा तिथल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता. माझ्या नवऱ्याचं देवास गेटजवळ पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. दोघींचंही पहिलंच बाळंतपण, त्यामुळे सुरुवातीला मला मजाच वाटली.

बाबांनी रिटायर झाल्यावर माधव नगरच्या घरी फोन घेतला होता. रविवारी दुपारी धाकटीचा फोन यायचा आणि मी फ्रीगंजातल्या सासरहून मुद्दाम त्या वेळी माहेरी जाऊन बसायची. असंच एकदा तिनं सांगितलं, "ताई, इथे आम्हाला काहीच द्यावं लागत नाही. कंपनीचा विमा आहे. कार्ड दाखवायचं, बस. दर महिन्याला सोनोग्राफी होते, डिलिव्हरीला वेगळी खोली मिळणार. बाळाची इंजेक्शनंसुद्धा त्यातच."

विमा म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना मिळतात ते पैसे, एवढंच आम्हाला तोवर ठाऊक होतं. जिवंत बाईच्या पोटातलं मूल बघायलाही विमा असतो, हे नवीन होतं. मी "अच्छा, छानच की" म्हटलं आणि रिसीव्हर आईकडे दिला. त्या दिवशी घरी जाताना मला माझ्या डॉक्टरीणबाईंचं नर्सिंग होम आठवलं. एका खोलीत दोन खाटा, मधे हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडच्या बाईचं सगळं बोलणं ऐकू येणारं. आदल्या आठवड्यापर्यंत मला ते चांगलं वाटत होतं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सोनोग्राफीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "कोई ज़रूरत नहीं है. सब ठीक चल रहा है." मी हट्टच धरला. शेवटी नवरा मला टॉवर चौकाच्या पुढच्या एका सेंटरला घेऊन गेला. हातात जो काळा कागद पडला त्यात मला काहीच कळलं नाही, पण रविवारी फोनवर मी सांगितलं, "माझीही झाली गं सोनोग्राफी." ती म्हणाली, "आता? माझी चौथी."

माझं बाळंतपण माहेरी होणार, हे ठरलेलंच होतं. आईनं मागची खोली रिकामी करून घेतली होती, बाज उन्हात टाकून झाली होती. सातव्या महिन्यात धाकटीचा आडवारीच फोन आला. ती रडत होती. नवऱ्याची साइट लांब गेली होती, तो दिवस दिवस घरी नसायचा, शेजारी कुणाची भाषा कळत नव्हती. आई म्हणाली, "मग इकडे ये ना, दोघींचं एकदमच करीन." ते काही होण्यासारखं नव्हतं. तिचा विमा फक्त तिकडच्या दवाखान्यांत चालायचा. उज्जैनला आली असती तर सगळा खर्च अंगावर पडला असता, आणि जन्मलेल्या बाळाच्या कागदपत्रांचा घोळ वेगळाच.

आईनं फोन ठेवला आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "तिला येता येत नाही, तर मीच जाते."

"आणि मी?"

"तुझं काय गं, तुझं सगळं इथंच आहे. सासर आहे, बाबा आहेत, तुझ्या डॉक्टरीणबाई आहेत. तिला तिथे कोण आहे?"

"तिला विमा आहे," मी म्हटलं.

आईला वाटलं मी चेष्टा करतेय. ती हसली. मला हसू आलं नाही. वेगळी खोली तिची, कार्ड तिचं, आणि वर आईही तिचीच.

आईचा पासपोर्ट येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. तो आला. जावयानं सांगितल्यावरून बाबांनी आईसाठीही प्रवासाचा विमा काढला. त्यासाठी तिची तपासणी झाली तेव्हा ब्लड प्रेशर निघालं. तसं ते आधीपासून होतंच, ती गोळी घ्यायची. विम्याच्या माणसानं समजावून सांगितलं की तिकडे पडलात, हाड मोडलं, तर कंपनी देईल. बीपीमुळे काही झालं तर मात्र नाही. मला वाटलं, आता तरी बाबा नको म्हणतील. बाबा एवढंच म्हणाले, "गोळ्या भरपूर घेऊन जा."

मग लाडवांची धांदल उडाली. डिंकाचे, हळिवाचे, मेथीचे. आईनं दोन डबे भरले, एक मला आणि एक तिला. तिचा डबा मोठा होता. आईनं खसखसही बांधून घेतली होती, बाळंतिणीच्या खिरीसाठी. तेवढ्यात जावयाचा घाईघाईनं फोन आला, "खसखस चुकूनही आणू नका. इथे नशेचा माल म्हणून विमानतळावरच पकडतात." आमच्या माळव्यात किराण्याच्या दुकानात उघड्या पोत्यातून मिळणारी खसखस. आईनं पुडी बाहेर काढून फळीवर ठेवली. मला त्या पुडीकडे बघून जरा थंडावा मिळाला. निदान एक वस्तू तरी इथे राहिली.

आई गेली. मला मुलगा झाला तेव्हा तिला जाऊन पंधरवडाच झाला होता. सासूबाईंनी सगळं नीट केलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण दुखायला लागल्यावर मी हाक आईलाच मारत होते, आणि पडद्यापलीकडच्या बाईची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. पडद्याखालून तिच्या चपला दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा डबा घेऊन आले. बाबांनी जन्मात चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. डब्यात खसखशीची खीर होती.

"तुझ्या आईनं फोनवर सांगितली तशी केली आहे," ते म्हणाले. "फोन महाग पडतो म्हणून ती भराभर बोलली. वाटण बारीक झालं नाही बहुतेक."

खीर दाताखाली कचकच लागत होती आणि तळाशी करपली होती. बाबा समोर उभे राहून मी खाते का ते बघत होते. मी सगळी खाल्ली. तेव्हाही माझ्या मनात हेच आलं की तिकडे आता आई स्वतःच्या हातानं करून वाढेल.

आठवड्याभरानं तिलाही मुलगा झाला. योगायोग असा की दोन्ही बाळांना कावीळ झाली. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हल्की सी है, सुबह की धूप दिखाओ." बाबा रोज सकाळी माझ्या सासरी यायचे आणि गॅलरीत बाळाला मांडीवर घेऊन उन्हात बसायचे. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे. पुढे धाकटीनं फोटो पाठवला: काचेच्या पेटीत निळ्या उजेडात तिचं बाळ, डोळ्यांवर पांढरी पट्टी. सासूबाई म्हणाल्या, "बिचारं." मी फोटो पुन्हा पुन्हा बघितला. मला ती पेटी हवी होती.

तीन महिन्यांनी आई परतली आणि मी बाळाला घेऊन माहेरी राहायला गेले. माझ्या बाळाला तिनं घेतलं तर ते रडायला लागलं. त्यालाही ती नवीनच होती. मग बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तिकडच्या दवाखान्याचं वर्णन सुरू झालं. फरशी कशी चकचकीत, नर्सबाई कशा आवाज न करता चालतात, बाळंतिणीला जेवायला काय हवं ते विचारून जातात. "आणि सगळं विम्यात," आई शेवटी सांगायची. ऐकणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या.

एका संध्याकाळी शेजारच्या काकू उठून गेल्यावर मी म्हटलं, "आई, माझं बाळंतपण कसं झालं, ते एकदा तरी विचार."

तिनं काकूंचा कप उचलला. मग हळूच म्हणाली, "कसं विचारू? मी नव्हते ना." आणि मग, "तिथे तरी मी कुठे होते? भेटायची वेळ संपली की बाहेर काढायचे. मी फ्लॅटमध्ये एकटी बसून राहायची, कडी लावून."

"तुझी तब्येत?"

"डोकं दुखायचं. थोड्याच दिवसांसाठी म्हणून गेले होते, मुक्काम वाढला, गोळ्या पुरेनात. दवाखान्यात गेले असते तर जावयाच्या खिशातून. मी अर्धी अर्धी खाल्ली."

"तिला सांगितलंस?"

"ओली बाळंतीण ती. तिला काय सांगायचं?"

"उद्याच डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी दुसरंही काही टोचलं. तिच्यासाठी आईनं गोळ्या अर्ध्या करून खाल्ल्या. माझ्यासाठी तिला असं काही करावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला डॉक्टरांकडे नेलं. बीपी बरंच वाढलेलं होतं. त्यांनी गोळी बदलली आणि आराम सांगितला. घरी आल्यावर मी तिला पडायला सांगितलं, पण ती न्हाणीघरात पाटावर जाऊन बसली, साडी गुडघ्यांवर घेऊन पाय पसरले आणि म्हणाली, "आण त्याला."

तिनं बाळाला पायांवर पालथं घातलं आणि तेलाचा हात फिरवायला लागली. मानेपासून टाचांपर्यंत, काही घाई नाही. ते आधी किरकिरलं, मग गप्प झालं, मग तिच्या पायांवरच पेंगायला लागलं. मी दारात उभी होते. राहवलं नाही म्हणून विचारलं, "तिकडच्यालाही अशीच मालिश करायचीस?"

"छे गं," आई म्हणाली. "तिथल्या डॉक्टरांनी हात लावू दिला नाही. तेल नको, पायांवर घेणं नको. टबात घालायची ती त्याला."

मला फार बरं वाटलं. मी आत जाऊन गरम पाण्याची बादली उचलून आणली आणि तिच्याजवळ ठेवली.