उलटा बाण

गहिनीनाथ पाटकऱ्याच्या गळ्याचे हाड ज्या दिवशी मोडले, त्या दिवशी त्याच्या सायकलचा मागला टायर हाताच्या तळव्याइतका गुळगुळीत झालेला होता. या दोन गोष्टींचा संबंध पुढे काष्टीच्या सत्तारभाईंनी त्याला उलगडून सांगितला. तोवर तो आपल्या प्राक्तनालाच दोष देत होता.

वर्ष एकोणीसशे बहात्तरचे. पर्जन्याने पाठ फिरवलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि महिन्याकाठी कालव्याला सुटणारे पाणी एवढाच त्या पंचक्रोशीचा आधार. ते पाणी चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे काढलेल्या पाटाच्या, टोकाच्या शेताला आधी आणि तोंडाशी असलेल्या शेताला शेवटी द्यावे, असा नियम होता. नियम न्याय्य होता, पण क्रूरही होता. वरच्या शेतकऱ्याने आपला ऊस जळताना पाहायचा आणि बांधाला घासून जाणारे पाणी मुकाट्याने खाली जाऊ द्यायचे. हे करवून घेणारा सरकारी चाकर म्हणजे पाटकरी.

गहिनीनाथाची फेरी रोजची होती. काष्टीहून चारीच्या तोंडापर्यंत चार मैल डांबरी सडक आणि तिथून टोकापर्यंत तीन मैल भरावावरची वाट. त्या वाटेवर कुठे मुरूम, कुठे पिठासारखी धूळ, कुठे पाझराचा चिखल, आणि सर्वत्र बाभळीचे काटे. चारीच्या मध्यावर बन्सी नावाच्या तालीमबाज गड्याचा ऊस होता. वैशाखात त्याने भर दुपारी भराव फोडला, तेव्हा गहिनीनाथाने त्याला हटकले. बन्सीने उत्तरादाखल खोऱ्याचा दांडा उगारला. गहिनीनाथ सायकलवर टांग टाकून निघाला खरा, पण पाझराच्या चिखलात मागले चाक फिरत राहिले आणि गाडी जागची हलेना. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. पडल्यावर किती बसले, ते त्याने मोजले नाही.

दीड महिन्याने हात गळ्यातून सुटला, तेव्हा तो सत्तारभाईंच्या दुकानी गेला. सायकलदुरुस्तीचे ते दुकान म्हणजे बाजारतळाच्या कडेला कडुलिंबाखालचा एक पत्रा, पण सत्तारभाई तिथे एखाद्या वैद्यासारखे बसत. रोगी पाहिल्यावाचून औषध सांगत नसत. मागला टायर चाचपून चाक चिखलात का फिरत राहिले ते त्यांनी सांगितले, तेव्हा गहिनीनाथाने दोन्ही चाकांना जाड, खोल नक्षीचे टायर मागितले. सत्तारभाईंनी वाटेची सारी हकिकत विचारून घेतली आणि मान हलवली. तसे टायर डांबरावर ओढत नेताना पायांतला जीव चार मैलांतच सरेल, मग चारीवर पळायला उरेल काय, असे त्यांचे म्हणणे पडले.

“पुढचं चाक वाट दावतं, मागचं वजन वाहतं,” ते म्हणाले. “दोघांचं काम येगळं, तर दोघांची पायतानं येगळी पायजेत.”

म्हणून पुढे त्यांनी उभ्या रेघांचा, डांबरावर हलका चालणारा टायर चढवला. मागे बाणाच्या फाळासारखी नक्षी असलेला, मातीत रुतून रेटणारा. दोन्हींच्या आत जुन्या टायरचे, काठाची तार कापून काढलेले अस्तर घातले, म्हणजे बाभळीचा काटा ट्यूबेपर्यंत पोहोचू नये. हवा त्यांनी मुद्दाम बेताची भरली. गहिनीनाथ त्या पाझरातून पहिल्यांदा पाय न टेकता पार झाला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

पण भराव पाण्याच्या पुढच्या दोन्ही पाळ्यांत फुटलाच, आणि तोही नेमका त्याची पाठ वळल्यावर. टोकाला छबूबाईची कागदी लिंबाची चाळीस झाडे होती. पाने आकसू लागली होती. ती बांधावर बसून होती; तिने रागही केला नाही.

“दादा, पानी येनार न्हाई म्हना एकदाचं,” ती म्हणाली, “म्हंजी झाडं तोडून सरपन तरी करीन.”

आता येणारी पाळीही चुकली तर झाडे वाचणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते. पाणी आणल्यावाचून तोंड दाखवणार नाही, एवढेच गहिनीनाथ बोलून गेला.

चोरीचे गूढ बन्सीनेच भर बाजारात, सत्तारभाईंच्या पत्र्यासमोर, चारचौघांच्या देखत फोडले. “पाटकरी, आमाला घड्याळ कशाला पायजे? तुजं चाकच धुळीत लिवून ठिवतंय, कवा आला न् कवा गेला.” माणसे खदखदून हसली. बाणाच्या टोकाकडे पाहिले की गाडी कोणत्या दिशेने गेली ते कळे. गाडी काष्टीकडे गेल्याचा माग दिसला की खोरी बाहेर निघत.

माणसे पांगल्यावर गहिनीनाथाने टायर उलटा बसवायला सांगितला. सत्तारभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. उलटा बाण माती धरत नाही, सोडतो, हे त्यांनी त्याला स्वच्छ बजावले. ज्या चिखलात हाड मोडले, तिथे चाक पुन्हा फिरत राहील आणि पळता येणार नाही. गहिनीनाथ म्हणाला की पळायचे नाहीच. तेव्हा सत्तारभाईंनी चाक सोडवले.

पाळीच्या दिवशी तो सकाळीच आडवाटेने टोकाला गेला, आणि परतताना भरावावरून काष्टीच्या दिशेने अर्ध्यावर, बन्सीच्या उसाच्या जरा पुढे येऊन करंजाच्या जाळीत लपला. पाझराच्या चिखलात त्याला, पावले उमटू नयेत म्हणून कडेच्या गवतावरून चालत, सायकल हातांनी ओढावी लागली. धुळीतला माग मात्र साऱ्या जगाला सांगत होता की पाटकरी तोंडाकडून निघून टोकाला पोहोचला आहे, आणि तिथून दीड मैल परत यायला त्याला वेळ आहे. माध्यान्हीला बन्सी आला. वाकून माग पाहिला, हसला, आणि खोरे घालून भराव कापू लागला. पाणी उसात शिरले.

गहिनीनाथ जाळीतून उठला. हातात चारीचे दार उचलण्याची लोखंडी किल्ली होती. बन्सीने वळताच खोरे फेकून मारले. ते गहिनीनाथाच्या डाव्या हातावर आले आणि दोन बोटे मुळापासून गेली. वेदना कळायला अवकाश होता. किल्लीचा घाव बन्सीच्या जबड्यावर बसला, हाड फुटल्याचा आवाज दोघांनीही ऐकला, आणि दोघे एकमेकांना कवटाळून चारीत कोसळले. बन्सीने त्याच्या कानाचा लचका तोडला. गहिनीनाथाने गुडघा त्याच्या पाठीत रोवला, मानगूट धरली आणि डोके पाण्याखाली दाबले. पाणी गढूळ होते, ते तांबडे झाले. बन्सीचे पाय आपटत होते, मग ते मंदावू लागले. मोडलेल्या हाडाची, हसलेल्या बाजाराची, सारी परतफेड त्या तळहाताखाली येऊन थांबली होती. आणखी थोडा वेळ, एवढेच हवे होते.

तेवढ्यात त्याच्या पायांना पाण्याची ओढ जाणवली. सारी धार शेजारच्या भगदाडातून उसात चालली होती. तो मानगूट धरून होता तोवर भगदाड उघडेच राहणार होते. हात एकच शाबूत होता, आणि कामे दोन होती.

त्याने मानगूट सोडली.

बन्सी काठावर सरपटत गेला आणि ओकू लागला. गहिनीनाथाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्याने जाळीतली सायकल ओढून आणली, भगदाडात आडवी टाकली, तिच्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या आणि एका हाताने चिखल थापत राहिला. काटे तळव्यात मोडत होते. धार बारीक झाली, मग पाझर उरला, मग तोही निमाला. पाणी पुन्हा खाली चालले.

छबूबाई पाण्याच्या मागावर वर चालत आली, ती सूर्य कलल्यावर. बुजवलेल्या भगदाडाला पाठ लावून गहिनीनाथ बसला होता. तिने लुगड्याचा पदर फाडून त्याचा हात बांधला. पहिल्या रांगेतली झाडे भिजली का, एवढेच त्याने विचारले.

बन्सीने त्यानंतर कधीच चारी फोडली नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. वाकडा झालेला जबडा घेऊन तो पुढल्याच वर्षी पुन्हा आला होता. झाडे मात्र चाळीसपैकी छत्तीस जगली.

पाळी संपून चारी कोरडी पडल्यावर सायकल उकरून काढली. सत्तारभाईंनी दांडा सरळ केला, ट्यूब तपासली. अस्तरात अकरा काटे मोडलेले होते, एकही आरपार गेला नव्हता. मागला टायर तसाच उलटा ठेवायचा का, असे त्यांनी विचारले.

“सरळ बसवा,” गहिनीनाथ म्हणाला. “मी कुटं हाय ते दिसू द्या त्यान्ला.”