उमेदवार बघण्याचा कार्यक्रम

"फर्स्ट सिट, देन टॉक." मत मागायला दारात आलेल्या प्रत्येकाला आमच्या शेजारच्या काकू एवढंच सांगायच्या. तो बिचारा पत्रक पुढे करायचा आणि काकू त्याच्या बुटांकडे बघत राहायच्या. बूट निघाले की माणूस सोफ्यावर आणि कांदेपोह्यांची बशी त्याच्या हातात.

तुमच्याही ओळखीत अशा एक काकू असतीलच. यॉर्कशरमधल्या आमच्या शहरात त्यांनी एके काळी मराठी मंडळातल्या निम्म्या डॉक्टरांची लग्नं जमवली होती. पुढे मुलं फोनवरच जोड्या जुळवू लागली, काकाही गेले, आणि काकूंचं कसब नुसतं पडून राहिलं. मग त्यांनी ते कौन्सिलच्या निवडणुकीला लावलं. "नवरा काय नि कौन्सिलर काय, पदरी पडला की पवित्र मानावा लागतो. आधीच नीट बघून घ्यावा."

मी तेव्हा नागपूरहून नुकताच आलो होतो. व्हिसावर असलो तरी कॉमनवेल्थ देशातला म्हणून इथे मलाही मत आहे, हे काकूंनीच मला सांगितलं आणि लगेच मुलीकडचा माणूस म्हणून सोफ्याच्या टोकाला बसवलं. मी फक्त मान हलवायची.

त्या वर्षी मात्र काकूंचा जीव टांगणीला लागला होता. दर बुधवारी ज्या हॉलमध्ये काकू, एक रिटायर्ड जमैकन नर्स आणि दोन पंजाबी बहिणी एकत्र जेवायच्या, तो बंद करायचं कौन्सिलमध्ये घाटत होतं. "बुधवार गेला तर मी चांगली साडी नेसू कुणासाठी रे?" काकू म्हणाल्या.

पहिला उमेदवार तयारीचा होता. पोहे संपवून पुन्हा मागितले, बशी स्वतः सिंकमध्ये ठेवली. हॉल वाचवणार? "हंड्रेड पर्सेंट!" बसच्या फेऱ्या वाढवणार? "ऑफ कोर्स!" मी मनातल्या मनात पेढे वाटले.

दुसरा तांबड्या केसांचा, लाजराबुजरा शाळामास्तर. त्याने पोह्यांतली मिरची फरसबी समजून चावली. कान लाल, डोळ्यांत पाणी. उरलेल्या मिरच्या बशीच्या कडेला काढत तो म्हणाला, "आय कान्ट प्रॉमिस द हॉल. आय विल फाइट. बट व्हॉटेव्हर हॅपन्स, आय विल कम अँड टेल यू मायसेल्फ."

तो गेल्यावर मी म्हटलं, "काकू, पहिलाच बरा. याला साधी मिरची झेपत नाही."

"बघायला येऊन सगळ्याला हो म्हणतो ना, तो नंतर फोन उचलत नाही. मी लग्नं जमवलीत, तू लग्नांत नुसता जेवलायस."

मतदानाला काकू ठेवणीतली साडी नेसून, ओळख पटवायला पर्समध्ये पासपोर्ट घालून गेल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "टाकल्या बाबा अक्षता."

मास्तर निवडून आला. हॉल मात्र बंद झालाच. ते सांगायला तो पावसात भिजत स्वतः आला आणि दारातच बोलताना अडखळला. "फर्स्ट सिट," काकू म्हणाल्या. त्या दिवशी पोह्यांत मिरची नव्हती. पुढच्या बुधवारपासून सगळ्याजणी काकूंच्याच घरी जेवू लागल्या आणि घडीच्या खुर्च्या मास्तर आपल्या गाडीतून आणून देऊ लागला. तो खुर्च्या मांडत असताना काकू माझ्याकडे बघून भुवई उडवायच्या.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, बुधवारी तर जास्तच.

परवा मास्तर पुन्हा मत मागायला निघाला होता. मी दार उघडलं तर तो काही बोलायच्या आधीच खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. मग मलाही पोहे करावेच लागले. काकूंसारखे काही जमले नाहीत, आणि त्याच्या बशीत मिरच्या तशाच गेल्या. त्याने एकही बाजूला काढली नाही. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि दोघांनीही बोल मिरचीलाच लावला.