कमलला बाहेर आणलं ते मीच

बायकोला वाचवायला मी एका मुलीला, ती ज्यांच्यापासून पळून आली होती, त्यांच्याच हाती दिलं.

आज मार्थाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फोन येताहेत. "गुरुजी, बाईंना तुम्ही किती जपलंत!"

म्हणून लिहितोय. पूर्ण वाचा, मग म्हणा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मार्था इंदापूर तालुक्यात एका उपकेंद्रावर नर्स होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. मी तिथल्याच शाळेवर. दोन खोल्यांचं क्वार्टर.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. पण बाळंतपण कुणाचंही असो, निरोप मार्थालाच यायचा. सायकल काढून ती एकटी वाड्यावस्त्यांवर जायची.

लग्नात पाळकसाहेबांसमोर मी म्हटलं होतं, हिचा सांभाळ करीन. ते मी फार मनावर घेतलं होतं. तिच्या सायकलचं पंक्चर मी काढायचो. पाऊस असला की सोबत जायचो.

मला वाटायचं, सांभाळणं म्हणजे हेच.

एका शनिवारी सकाळी कमल आली. एकोणीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. डावा हात कोपराखाली मोडलेला. नवऱ्याने पहारीने मारलं होतं.

मार्थाने फळी लावून हात बांधला.

"बाई, आजच्या दिस मला हितंच ठिवा. घरी न्हाय जायाचं मला."

"राहा. उद्या सकाळच्या एसटीनं मी तुला पणदऱ्याला आईकडं सोडते."

तिला आतल्या खोलीत झोपवलं. शाळा सुटून मी आलो तेव्हा मार्थाने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंस. खरंच म्हटलं.

दुपारी एकच्या सुमारास दारात ट्रॅक्टर थांबला. कमलचा नवरा, त्याचा भाऊ, चुलता आणि आणखी एक जण.

मार्था दारात उभी राहिली.

"नर्सबाई, आमची सून भायेर काढा," चुलता म्हणाला.

"तिचा हात मोडलाय. ती तुमच्याबरोबर येणार नाही."

"माझी बायकू हाय," नवरा ओरडला. "मी मारीन न्हायतर ठिवीन. तुमी कोण?"

मार्था हलली नाही.

मग चुलता तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत अगदी शांतपणे म्हणाला, "गुर्जी, तुमी शाने हाय. बाई रोज एकल्या उसातनं येत्यात-जात्यात. आमाला काळजी वाटती."

मी होतो तिथंच बसून राहिलो.

मार्था मागं न बघता म्हणाली, "अहो, नुसते माझ्या शेजारी येऊन उभे राहा. बोलू नका काही."

मी उठलो. तिला वाटलं असेल, मी येतोय.

मी आत गेलो.

कमल भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "चल. तुझी माणसं आलीत."

ती रडली नाही. एवढंच विचारलं, "बाई म्हणल्या का तसं?"

मी म्हटलं, "हो."

ती उठली. पदर नीट केला. माझ्यामागं बाहेर आली.

मार्थाने तिला मिठी मारून धरलं. नवऱ्याच्या भावाने हिसडा देऊन सोडवलं. कमलने जाताना मार्थाकडं एकदाही पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते मला एकट्यालाच माहीत होतं.

ट्रॅक्टर गेल्यावर मी म्हटलं, "तुझ्यासाठी केलं. देवापुढं शब्द दिलाय मी, तुझं रक्षण करायचा."

मार्था म्हणाली, "रक्षण मागितलं होतं का मी? शेजारी उभं राहा म्हटलं होतं."

त्याच दुपारी ती एकटी एसटीने पणदऱ्याला गेली. कमलचे आई-वडील दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

तोवर कमलला विहिरीतून काढलं होतं. पाय घसरला, असं सगळे म्हणत होते. पंचनाम्यातही तेच आलं.

मार्थाने जबाब दिला. पोलिसांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी त्या वेळी शाळेत होतो.

हेही मीच.

पुढच्या रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब सांगत होते, प्रभूने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला द्यावं.

मी स्वतःला दिलं नव्हतं. दुसऱ्याची लेक दिली होती.

भाकरीचं ताट आलं. मनात पाप ठेवून ती भाकर घ्यायची नसते; मी ताट तसंच पुढे दिलं. मार्थाने पाहिलं.

नंतर आमची बदली बारामतीला झाली. संसार झाला, मुली शिकल्या. मार्था माझ्याशी कधी वाईट वागली नाही. पण कुठल्याही कामात तिने मला पुन्हा शेजारी बोलावलं नाही.

दुपारी रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की आम्ही दोघंही गप्प व्हायचो.

तो "हो" मी तिला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितला.

ती पंख्याकडं बघत म्हणाली, "म्हणजे तिला वाटलं, मीच..."

वाक्य पूर्ण केलं नाही. भिंतीकडं वळली.

दोन दिवसांनी म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना करताय ना? त्याआधी तिच्या आईला जाऊन सांगा."

मी पणदऱ्याला गेलो. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही.

तिने सुपातले हात थांबवले.

"गुर्जी, त्याच्या आदी आमी बी तिला दोनदा परत धाडली व्हती. नांदायला म्हून."

मग ती पुन्हा शेंगा फोडू लागली.

परत येऊन मार्थाला सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं. माफ केलं, असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. तीन आठवड्यांनी ती गेली.

तेव्हा मला जपणारा नवरा म्हणू नका.

मार्था, प्रभूच्या जवळ शांत राहा.

कमल, तुला जा म्हणणारी मार्था नव्हती गं. मी होतो.