मागं कोण बसतं?

धोंडप्पा टायरवाल्याला लातुरात सगळे तिरसट म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तो होताही तसाच. औसा रोडवरच्या उद्धवशेठच्या दुकानात तो तीस-बत्तीस वर्षं टायर बघायचा. बघायचा म्हणजे आधी नख रोवायचा, मग कडेच्या रबरावरून अंगठा फिरवायचा, नाक लावून वास घ्यायचा, आणि शेवटी गाडीवाल्याला तीन प्रश्न विचारायचा. गाडी कोण चालवतं? किती पळवता? आणि मागं कोण बसतं? पहिली दोन उत्तरं तो खाली मान घालून ऐकायचा. तिसरं ऐकताना मात्र समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. "मागं कोण बसतं ते तुला काय करायचंय?" असं कुणी उखडून म्हणालं, की टायर खाली ठेवून दुसऱ्या कामाला लागायचा. गिऱ्हाईक गेलं उडत.

आपल्या भागात "चालतंय की" या शब्दावर अख्खे संसार उभे आहेत. भिंतीला तडा गेला, चालतंय की. नळाला दहा दिवसांनी पाणी आलं, चालतंय की. जावई पितो, पण शेती आहे ना, मग चालतंय की. धोंडप्पाच्या तोंडून हा शब्द कुणीच ऐकला नव्हता. टायर चांगलं असलं तर तो "टाका" म्हणायचा. नसलं तर शर्टाच्या खिशातला खडू काढून त्यावर पांढरा गोल ओढायचा. गोल पडलेलं टायर त्या दुकानातून विकलं जात नसे. निदान उद्धवशेठ होते तोवर तरी नसे.

शेठ करोनात गेले आणि गादीवर त्यांचा मुलगा श्रीनाथ आला. पोरगा वाईट नव्हता. पुण्यात शिकून आलेला, गोड बोलणारा. धोंडप्पाला काका म्हणायचा, दुकानामागच्या खोलीत राहूही द्यायचा. फक्त खडूचा त्याला राग होता.

त्या एप्रिलमध्ये राघवेंद्र सरांची गाडी दुकानात आली. सर म्हणजे फिजिक्सचे सर. वीस वर्षांपूर्वी सायकलवरून शिकवण्या करत हिंडायचे. आता लातुरात त्यांच्या क्लासची चार मजली इमारत होती, नांदेडला नवी शाखा होती आणि दोन्ही गावांमधल्या रस्त्यावर मैलामैलाला त्यांचे हसरे फोटो होते. गाडी परदेशी, काळी, दारं लावली तरी आवाज न करणारी. चाकं एकवीस इंची. लातूर, अहमदपूर, नांदेड असं आठवड्यातून चारदा जाऊन-येऊन मागची दोन टायरं आतल्या कडेनं तारेपर्यंत झिजली होती.

"धोंडप्पा, इंटरनेटवर दहा जण दहा गोष्टी सांगतात," सर म्हणाले. "एक म्हणतो मऊ घ्या, पकड चांगली. दुसरा म्हणतो टणक घ्या, टिकतात. तिसरा म्हणतो मागची दोनच बदला. मी कुणाचं ऐकत नाही. तुम्ही सांगाल ते."

धोंडप्पानं तीन प्रश्न विचारले. सर हसले. ड्रायव्हर चालवतो, मोकळा रस्ता असला की एकशे साठनं, आणि मागं कधी मी, कधी क्लासची पोरं, सत्काराला न्यावी लागतात.

"सर, ह्या गाडीचं वजन अडीच टन हाय," धोंडप्पा म्हणाला. "वजन पेलणारं रबर ट्रकला बी मिळतंय. पळणारं बारक्या गाडीला बी मिळतंय. हिला दोनी एका जागी पायजेत, आन चारी चाकं जोर लावत्यात म्हून चारी एकसारखी पायजेत. हैदराबादहून मागवू. आठ दिस लागतील."

"आठ दिवस? परवा सकाळी नांदेडला सेमिनार आहे. पाच हजार पोरं येणार आहेत."

तेवढ्यात श्रीनाथ पुढं झाला. "आपल्याकडे आहेत की, सर. याच मापाची, याच कंपनीची." आणि त्यानं मागून चार टायरं आणवली. काळीभोर, तेल लावलेल्या पैलवानासारखी चकचकीत.

धोंडप्पानं ती ओळखली. एका कंत्राटदारासाठी मागवली होती. त्यानं मधेच गाडी विकून टाकली. तेव्हा त्या मापाची दुसरी गाडी जिल्ह्यात नव्हती, त्यामुळे ती मागच्या पत्र्याखाली पडून राहिली. त्यानं एका टायरच्या कडेवरचे बारीक चार आकडे अंगठ्यानं पुसले. दोन, चार, एक, सात. सतरा सालच्या चोविसाव्या आठवड्यातलं रबर. सहा उन्हाळे पत्र्याखाली भाजून निघालेलं.

श्रीनाथनं त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "काका, सर फक्त तुमच्या शब्दावर घेतील. एक शब्द बोला. चालतंय म्हणा. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं का?"

मागितलं नव्हतं, हे खरं होतं. छप्पन्न वर्षांचा एकटा माणूस, राहायला मागची खोली, जायला गाव नाही. एका शब्दात सगळं जागच्या जागी राहणार होतं. धोंडप्पानं खिशातून खडू काढला आणि चारही टायरांवरच्या आकड्यांभोवती एकेक गोल ओढला. "सतरा सालची हायत, सर."

"अहो, रबराला कॅलेंडर कळतं का?" सर गमतीनं म्हणाले.

"रबराला ऊन कळतंय, सर."

"पण सहा वर्षं म्हणजे काही फार नाही. एवढं काय घाबरायचं?"

तेव्हा धोंडप्पा खाली बसला, आणि जे तीस वर्षांत त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं ते भरल्या दुकानात सांगू लागला.

त्याचं गाव किल्लारीच्या अलीकडं तीन कोसांवर. लग्नाला दोन वर्षं झालेली, बायको नीलम्मा गावी, आणि हा लातुरात शेठकडे टायर रिमोल्ड करायला. गणपतीच्या आधी शेठ म्हणाले होते, "धोंडप्पा, जीपचं मागचं डावं बघ रे." त्यानं बघितलं. तार दिसत होती. सणाची गर्दी, कामाचा ढीग. जुन्यावर नवं रबर चढवून त्यानं ते तसंच बसवलं आणि म्हणाला, "चालतंय की मालक, दिवाळीपतूर काय हुत न्हाई."

गणपती बुडाले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जमीन हलली. शेठनं स्वतः जीप काढली. गाव मातीचा ढिगारा झालेलं. दुपारपर्यंत हातांनी उकरल्यावर नीलम्मा जिवंत सापडली. कमरेखाली चिरडलेली, पण शुद्धीवर. तिला आणि आणखी तिघांना जीपच्या मागं आडवं घालून ते लातूरकडे निघाले. औशाच्या अलीकडं मागचं डावं फुटलं. स्टेपनी गावातच कुणाला तरी देऊन टाकलेली. रस्त्यावर गाड्या होत्या, पण सगळ्या मदतीच्या, सगळ्या गावाकडं जाणाऱ्या. उलटं फिरायला कुणी तयार होईना. वरून पाऊस.

"दीड तास थांबलो, सर. तिनं दोनदा इचारलं, का थांबलाव? मी म्हणलं, आत्ता निघू. तिसऱ्यांदा इचारलं न्हाई."

सरांचे डोळे खरंच भरून आले होते, यात नाटक नव्हतं. त्यांनी धोंडप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. मग घड्याळ बघितलं.

"धोंडप्पा, तुमचं दुःख मोठं आहे. पण ते रिमोल्ड होतं, हे कंपनीचं आहे. सध्या बसवू या. नवी मागवून ठेवा, पुढच्या महिन्यात बदलू." आणि श्रीनाथकडं वळून म्हणाले, "चालतंय की."

ओल्या फडक्यानं गोल पुसले गेले. टायरं दुसऱ्यांनी बसवली. दुसऱ्या दिवशी श्रीनाथ म्हणाला, "काका, तुमचं आता वय झालं. उद्यापासून तुम्ही बाहेर हवेवर बसा." धोंडप्पा बसला. हैदराबादला नवी टायरं कुणी मागवली नाहीत, हे त्याला ठाऊक होतं, कारण दुकानात येणारा प्रत्येक माल त्याच्या समोरूनच आत जायचा.

मे महिन्यात रिक्षावाला विरूपाक्ष हवा भरायला आला, तो मोबाईल पुढं करतच. "धोंडप्पा, तू तर गाजलास की." पडद्यावर नांदेडचा मंडप होता आणि हातात माईक घेतलेले राघवेंद्र सर. ते नीलम्माची गोष्ट सांगत होते. अगदी बरोबर सांगत होते, पाऊस, स्टेपनी, दोनदा विचारलं तेसुद्धा. समोर पोरी डोळे पुसत होत्या. मग सर गरजले, "त्या माणसानं तीस वर्षांत एकदाही चालतंय म्हटलं नाही! आणि तुम्ही? एक चॅप्टर सोडला तर चालतंय?" पाच हजार पोरांच्या टाळ्यांनी मोबाईल थरथरला.

धोंडप्पानं विरूपाक्षच्या चाकात हवा भरली आणि त्याच्याकडून काही घेतलं नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोचं मरण तीस वर्षं त्याच्या एकट्याचं होतं. आता तेही गेलं.

जूनमध्ये निकाल लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी काळी गाडी हवेच्या नळीशी येऊन उभी राहिली. सर पुढच्या सीटवर, गळ्यात हार. नांदेडला सत्कार होता. धोंडप्पा वाकला. मागच्या डाव्या टायरच्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला. तिथं बारीक, केसाएवढ्या भेगा पडायला लागल्या होत्या. त्यांच्याखाली तेच आकडे. दोन, चार, एक, सात.

तो उठला आणि काचेतून आत बघितलं. मागं तीन पोरी बसल्या होत्या. नवे कपडे, कपाळाला गुलाल. त्यातल्या एकीनं काच खाली केली. "काका, तुम्हीच का ते व्हिडिओतले?"

"हाव," धोंडप्पा म्हणाला.

पोरीनं हात जोडले.

"काय धोंडप्पा," पुढून सर म्हणाले, "हवा बरोबर आहे ना? चालतंय ना?"

धोंडप्पानं दार हातानं धरलं. "न्हाई सर. न्हाई चालत. ह्या पोरींला उतरवा."

सर मागं वळून पोरींकडे बघत मोठ्यानं हसले. "बघितलंत? मी सांगितलं होतं ना? हेच ते!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि ती अहमदपूरच्या रस्त्याला लागली.