तोंडाकडे बघून बोल

आमच्या घरात कोणी कोणाशी पाठीमागून बोलत नाही. समोर यायचं, तोंडाकडे बघायचं, मग बोलायचं.

बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या एका कारखान्यात बाबा यंत्रमाग चालवायचे आणि आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. बारा-बारा तास नुसती खटखट. मला सांभाळणारं कोणी नव्हतं, म्हणून मी तिथेच सुताच्या पोत्यांवर वाढले. अक्षरांच्या आधी ओठ वाचायला शिकले. घरी आईला मागून हाक मारली तर ती ओ देत नसे. "ही काय रीत झाली? समोर येऊन बोल." मी याला संस्कार समजायचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, तरी तेच समजत होते.

पुढे इंदूरला फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी लागली. तिथेच एका मैदानावर रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेले. गर्दीच्या मधोमध पोरं-पोरी गोल जागा करतात आणि गाणं तापलं की एकमेकांवर आदळतात. याला मॉश पिट म्हणतात. लांबून मारामारीच वाटते. मी आत शिरले आणि खरं सांगते, इतकी मजा आयुष्यात आली नव्हती.

तिसऱ्या गाण्याला कोणाचा तरी पंजा फाडकन माझ्या डाव्या कानावर बसला. मी खाली पडले. वाटलं, आता तुडवतात. पण क्षणात चार-पाच हात आले. पडलेल्याला आधी उचलायचं, हा तिथला नियम. एका अनोळखी मुलीचे ओठ दिसले, "कान में लगा?" त्या गदारोळात शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला कळलं. मागावरची पोर मी!

सकाळी कानातून पाणी आलं. शिट्टी वाजत राहिली. त्या कानाला फोन लावला तर समोरचा उशीत तोंड घालून बोलतोय असं वाटे. रजा टाकून बुरहानपूरला आले.

"पैसे देऊन धक्के खायला गेली होतीस?" आई म्हणाली. "बसमध्ये फुकट मिळतात ना!" आणि लसणाचं तेल गरम करायला ठेवलं. मी कानाला हात लावू दिला नाही.

"टिम्पॅनिक मेम्ब्रेन परफोरेशन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कानाच्या पडद्याला छिद्र. "तेल नहीं डाला, अच्छा किया. दो महीने कान सूखा रखो. अक्सर अपने आप भर जाता है. नहीं भरा, तो ऑपरेशन."

माझी नोकरीच कानावर. मी आईचा हात धरला.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत हेडफोन घालून बसायचं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी आत बसले, दार उघडंच होतं. "माताजी, दरवाज़ा लगा दीजिए," डॉक्टर आईच्या मागून म्हणाले. आई भिंतीवरचं कानाचं चित्र बघत राहिली. डॉक्टर पुन्हा म्हणाले. मग समोर जाऊन म्हणाले, तेव्हा ती हसली, "हाँ हाँ, लगाती हूँ."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "इनकी भी जाँच कर लें?"

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "घरात सगळं ऐकू येतं मला."

ऐकू येत नव्हतं. आम्ही समोर येत होतो.

तिच्या रिपोर्टवर लिहिलं होतं सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. वर्षानुवर्षांच्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मेल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या. त्या परत येत नाहीत, ऐकण्याचं मशीन लावावं लागतं. घरी पोचल्यावर आईने रिपोर्ट कपाटात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे तुला लहानपणी उगाच रागावले मी."

तुम्ही अशा गर्दीत जात असाल तर खुशाल जा. स्पीकरपासून लांब राहा, कानात प्लग घाला. लागलंच तर घरचं तेल टाकू नका. आणि घरातलं कोणी मागून मारलेल्या हाकेला ओ देत नसेल, तर त्याला रीत समजू नका. तपासून घ्या. मी शिकलेली असून मला कळलं नव्हतं.

दोन महिन्यांत माझा पडदा आपोआप भरला. नोकरी टिकली. आईने मशीन लावलं आणि पहिले आठ दिवस भांड्यांशी भांडली, "एवढं वाजतं होय हे?"

मागच्या रविवारी ती ओट्याशी पोळ्या लाटत होती, पाठ माझ्याकडे. मी दारातूनच हळू म्हटलं, "आई."

लाटणं न थांबवता, मागे न वळता ती म्हणाली, "काय गं?"